मदत हवी आहे: मागची तारीख टाकणाऱ्या अधिकाऱ्याबद्दल नव्या लिपिकांना काय सांगू?

मंडळी, मी महसूल खात्यात अव्वल कारकून आहे. बावीस वर्षं बारनिशी (आलेल्या-गेलेल्या कागदांची नोंद) आणि नोंदवह्यांत गेली. पुढच्या महिन्यात नव्याने लागलेल्या लिपिकांसमोर नियमपालनावर बोलायचंय, आणि एका माणसापाशी येऊन मी अडले आहे.

पॉल ग्र्युनिंगर, स्वित्झर्लंडमधल्या सेंट गॅलनचे पोलीस प्रमुख. ऑगस्ट १९३८ मध्ये ऑस्ट्रियातून पळून येणाऱ्या ज्यूंना सीमा बंद झाली. हे त्यांना आत घेत राहिले आणि कागदावर त्यांच्या येण्याची तारीख बंदीच्या आधीची टाकत राहिले. शेकडो जीव वाचले. १९३९ मध्ये त्यांची नोकरी गेली, पेन्शन गेली, पुढे खोट्या दस्तऐवजांबद्दल दंडही झाला. १९७२ साली गरिबीत वारले. कोर्टाने निर्दोष ठरवलं ते १९९५ मध्ये!

आमच्याकडे एका लिपिक मुलाने एकदा आलेल्या अर्जाची आवक नोंद मागच्या तारखेने टाकली होती. दोन ओळींच्या मधे, आधीच्या क्रमांकाला 'अ' जोडून, बारीक अक्षरात कोंबलेली. ओळखीच्या माणसाचं अपील मुदतीत बसावं म्हणून. मीच ते साहेबांना दाखवलं, त्याची चौकशी लागली. आजही मला ते बरोबरच वाटतं. पण कागदावर पाहिलं तर दोघांनी केलं एकच.

हेतू शुद्ध होता, एवढ्यावर भागत नाही. २०१५ मध्ये अमेरिकेत केंटकीच्या काउंटी क्लार्क किम डेव्हिस यांनी समलिंगी जोडप्यांना विवाह परवाने नाकारले, तेही मनाला पटत नाही म्हणूनच. त्यासाठी तुरुंगातही गेल्या.

गांधीजींची कसोटी लावावी, तर कायदा उघड मोडायचा आणि शिक्षा घ्यायची. ग्र्युनिंगरनी उघड मोडला असता किंवा राजीनामा दिला असता, तर त्या खुर्चीत दुसरा आला असता आणि सीमेवरची माणसं परत पाठवली गेली असती. तोंडी आदेश लेखी मागायची सोय आपल्या महाराष्ट्राच्या सरकारी नोकरांसाठीच्या १९७९ च्या वर्तणूक नियमांत आहे, पण तिथे आदेश लेखीच होता.

मला एवढंच सुचतंय: डेव्हिसबाईंनी खुर्ची समोरच्याचा हक्क अडवायला वापरली, आमच्या मुलाच्या उपकाराची किंमत विरुद्ध पक्षकाराने मोजली असती, आणि ग्र्युनिंगरनी किंमत स्वतः मोजली. पण हे पुरेसं आहे का? नियम मोडण्याइतका अन्याय आहे, हे चोवीस वर्षांच्या लिपिकाने कशावरून ठरवायचं?

कायदा किंवा तत्त्वज्ञान शिकवणारे, निवृत्त अधिकारी, कुणीही असाल तर कृपया लिहा. आणि ग्र्युनिंगर या मुलांना सांगावेत की नकोत, तेही सांगा.