स्विफ्ट कोड नक्की कुठला द्यायचा? मदत हवी आहे

जर्मनीतला एक दुकानदार आमच्या कोल्हापुरी चपलांसाठी युरोत अ‍ॅडव्हान्स पाठवतोय, त्याच्या बँकेला स्विफ्ट कोड (परदेशातून पैसे पाठवताना बँक ओळखायचा कोड) पाहिजे. आयबॅन (युरोपात वापरतात तो आंतरराष्ट्रीय खाते नंबर) भारतात नसतो, तिथं खाते नंबर टाक असं त्याला सांगितलंय. पासबुकावर फक्त आयएफएससी (देशातल्या व्यवहारांसाठीचा शाखेचा कोड) आहे, पाचवं अक्षर शून्य असलेला, तो बाहेरून चालत नाही. आमच्या राजारामपुरी शाखेला स्वतःचा स्विफ्ट नाही, काउंटरवर म्हणाले मुंबईचा द्या, पण नेटवर मुंबईचेच दोन दिसतात, एक ८ अक्षरी आणि एक ११ अक्षरी, शेवटची तीन शाखेची. खातं करंट आहे, आयईसी (आयात-निर्यातीचा नोंदणी नंबर) आहे, पैसे कशाचे ते सांगणारा पर्पज कोड पी०१०३ (निर्यातीचा अ‍ॅडव्हान्स) देणार आहे. कारागिरांची मजुरी यातूनच द्यायची आहे, पैसे मधेच अडकले तर लई अवघड होईल. कोल्हापुरातल्या शाखेत असे पैसे आलेल्यांनी प्लीज सांगा, ८ अक्षरीच द्यायचा का, आणि आमच्या शाखेचा आयएफएससी त्याला कुठल्या रकान्यात लिहायला सांगू?