मदत हवी आहे : करार झाल्यानंतर अभियंत्याने कार्बनची मर्यादा घातली, हे व्हेरिएशन ठरते का?

परांची
नमस्कार. मी कंत्राटदाराच्या बाजूने करारविषयक काम पाहतो. फिडिक या आंतरराष्ट्रीय अभियंता संघटनेच्या यलो बुकवर, म्हणजे आराखडाही कंत्राटदारानेच करायच्या नमुना करारावर, चाललेल्या अकरा मजली कार्यालयीन इमारतीच्या कामात मालकाने नेमलेल्या अभियंत्याने पत्र पाठवून असे कळवले आहे की, इमारतीचा एम्बॉडीड कार्बन, म्हणजे साहित्य तयार होण्यापासून इमारत पाडली जाईपर्यंतचे उत्सर्जन, दर चौरस मीटरला ४८० किलोच्या आत राहिले पाहिजे आणि तसे दाखवणारा हिशेब आम्ही महिन्याभरात सादर केला पाहिजे. पत्रात पर्यावरण संरक्षणाच्या कलम ४.१८ चा हवाला आहे. जादा पैशांचा किंवा मुदतवाढीचा उल्लेख नाही. आमच्या मते हे उघड व्हेरिएशन आहे, म्हणजे ज्याचे पैसे आणि मुदत मिळायला हवी असा कामातला बदल. परवा सकाळी बैठक आहे. प्रश्न एवढाच, की ४.१८ खाली अशी मर्यादा घालता येते का? हो किंवा नाही एवढे सांगितले तरी पुरे. शाश्वत विकासावर व्याख्यान नको, ते वर्षभर ऐकतो आहे.

ओळंबा
हो किंवा नाही सांगण्याइतकी माहिती आपण दिलेलीच नाही. यलो बुक १९९९ चे की २०१७ चे? कराराला कोणत्या देशाचा कायदा लागू आहे? एम्प्लॉयर्स रिक्वायरमेंट्समध्ये, म्हणजे मालकाच्या मागण्यांच्या दस्तऐवजात, कार्बनविषयी नेमके कोणते शब्द आहेत? आणि सर्वांत महत्त्वाचे, पत्र हातात पडून किती दिवस झाले?

तूर्त ४.१८ पुरते बोलतो. ते कलम कंत्राटदाराला कामाच्या जागेवर आणि जागेबाहेर पर्यावरण जपायला सांगते, प्रदूषण व आवाज यांचा उपद्रव मर्यादित ठेवायला सांगते आणि उत्सर्जन व सांडपाणी करारात किंवा कायद्यात दिलेल्या प्रमाणापलीकडे जाऊ देऊ नये असे बजावते. हा सगळा रोख बांधकाम करताना होणाऱ्या त्रासावर आहे. दूरच्या कारखान्यात सिमेंट भाजताना जो वायू बाहेर पडला, तो या कलमात ओढून बसवणे मला तरी ताणलेले वाटते.

हिरवीवीट
मूळ चूक आरसीसी सांगाडा निवडण्यात झाली आहे. सिमेंट बनवताना होणाऱ्या उत्सर्जनाचा निम्म्याहून अधिक भाग इंधनातून येत नाही, तो चुनखडी भाजताना तिच्यातूनच सुटतो. त्यामुळे भट्टी कितीही सुधारली तरी तो भाग तसाच राहतो. थरांच्या लाकडी पॅनेलचा सांगाडा घेतला असता, तर ही वेळ आली नसती. अजूनही वरच्या मजल्यांसाठी विचार करावा.

परांची
चार मजले उभे आहेत. लाकडाचा विचार करण्याची वेळ गेली आणि प्रश्नही तो नव्हता.

करारपत्र
असे वाद टाळायचे असतील तर एनईसी४ या ब्रिटिश नमुना करारातला पर्याय एक्स२९ वापरायला हवा होता. तो जुलै २०२२ मध्ये आला आणि खास हवामान बदलासाठीच लिहिलेला आहे. त्यात मालकाच्या अपेक्षा वेगळ्या नोंदवल्या जातात, कंत्राटदार आपली योजना देतो, आणि कामगिरीच्या तक्त्यात उद्दिष्ट गाठल्यास किती रक्कम मिळेल व चुकल्यास किती द्यावी लागेल हे आधीच ठरवता येते. आमच्या मागच्या कामात दोन्ही बाजूंना आकडा माहीत होता, म्हणून पत्रापत्री झालीच नाही.

ओळंबा
करारावर सह्या होऊन चार मजले चढल्यावर दुसरा नमुना सुचवणे म्हणजे वरातीमागून घोडे. शिवाय एक्स२९ घेतला तरी तक्ता कोणीतरी भरावाच लागतो. तो कोरा सोडलेले करार मी पाहिले आहेत.

मापपुस्तक
मला त्या ४८० विषयीच शंका आहे. हा आकडा कशाचा? ईएन १५९७८ या मानकात इमारतीचे आयुष्य टप्प्यांत मांडलेले असते : ए१ ते ए३ म्हणजे कच्च्या मालापासून कारखान्याच्या फाटकापर्यंत, ए४ वाहतूक, ए५ प्रत्यक्ष बांधकाम, बी म्हणजे वापर, देखभाल आणि बदली, सी म्हणजे पाडकाम व विल्हेवाट. तोच आकडा फक्त ए१ ते ए३ साठी असेल तर चांगल्या कॉंक्रीटने जमण्यासारखा असतो. पण ए ते सी धरला, तर काचेचा दर्शनी भाग, लिफ्ट आणि वातानुकूलन यंत्रणा इमारतीच्या आयुष्यात किती वेळा बदलणार हेही मोजावे लागते आणि सगळे गणित पालटते.

किती वर्षांचा हिशेब, हाही प्रश्न उरतोच. डेन्मार्कने २०२३ पासून १,००० चौरस मीटरहून मोठ्या नव्या इमारतींना जी मर्यादा घातली, ती दर चौरस मीटरला वर्षाला १२ किलो अशी होती आणि तिच्याबरोबर ५० वर्षांचा कालावधी ठरवून दिलेला होता. तुमच्या पत्रात वर्षे दिली आहेत का? वापरातली वीज धरायची की वगळायची, हे लिहिले आहे का? क्षेत्रफळ एकूण की वापरण्याजोगे?

सीमाशुल्क
युरोपीय संघात सिमेंट, पोलाद किंवा ॲल्युमिनियम आयात करत असाल तर सीबॅम, म्हणजे आयात मालाच्या कार्बनवरचा संघाचा आकार, विसरू नका. ऑक्टोबर २०२३ पासून फक्त अहवाल द्यावा लागत होता, पण १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष आर्थिक भार सुरू झाला आहे. साहित्याच्या दरात हा फरक धरला होता का?

परांची
आमचे काम युरोपीय संघात नाही आणि सीबॅमविषयी मी विचारलेले नाही. बाकी प्रश्नांची उत्तरे देतो. आवृत्ती २०१७ ची आहे. कायदा इंग्लंडचा. एम्प्लॉयर्स रिक्वायरमेंट्समध्ये एकच वाक्य आहे : इमारत शाश्वततेच्या सर्वोत्तम आंतरराष्ट्रीय पद्धतींना अनुसरून असावी. पत्रात ए ते सी आणि ६० वर्षे असे म्हटले आहे. विजेविषयी किंवा क्षेत्रफळाविषयी काही नाही. पत्र मिळून १९ दिवस झाले.

आणखी एक. सहकार्याची भावना दाखवावी म्हणून तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याचे स्लॅब आम्ही निम्मे सिमेंट काढून त्या जागी स्लॅग, म्हणजे लोखंडाच्या भट्टीतली मळी, घातलेल्या मिश्रणाने ओतले आहेत. सात दिवसांच्या क्यूबची, म्हणजे कॉंक्रीटच्या चाचणी ठोकळ्यांची, ताकद इतकी कमी आली की शटरिंग काढता येईना. खालचे टेकू ठेवून टोळी बसून राहिली आणि मजल्यामागे सात दिवसांचे चक्र दहावर गेले. २८ दिवसांचे निकाल अजून यायचे आहेत. या दिवसांचा खर्चही मागायचा आहे.

ओळंबा
हे आधी सांगायला हवे होते. आता ४.१८ बाजूला ठेवा आणि ३.५ उघडा. अभियंत्याच्या सूचनेत ती व्हेरिएशन आहे असे म्हटलेले नसेल आणि तुम्हाला ती व्हेरिएशन वाटत असेल, तर तुम्ही ताबडतोब, आणि त्या सूचनेशी संबंधित काम सुरू करण्यापूर्वी, कारणांसह नोटीस द्यायची असते. नोटीस मिळाल्यापासून सात दिवसांत अभियंत्याने सूचना कायम केली नाही, मागे घेतली नाही किंवा बदलली नाही, तर ती मागे घेतली असे समजले जाते. तुम्ही नोटीस न देता काम सुरू केलेत. त्याखेरीज कलम २०.२.१ खालच्या दाव्याच्या नोटिशीची २८ दिवसांची मुदत वेगळी चालू आहे, तिचे नऊ दिवस उरले आहेत. परवाच्या बैठकीत काय बोलायचे याची चिंता नंतर करा, नोटीस आज टाका.

दुसरी बाजू
मी बरीच वर्षे अभियंत्याच्या कार्यालयात काढली आहेत, म्हणून वेगळे विचारतो. ४८० हा गोल नसलेला आकडा अभियंत्याला कुठून सुचला? असे आकडे हवेतून येत नाहीत. तुमच्या स्वतःच्या निविदेत, कॉंट्रॅक्टर्स प्रपोजलमध्ये, तो आहे का ते पाहा. यलो बुकमध्ये प्रपोजल हा कराराचाच भाग असतो. कागदपत्रांच्या अग्रक्रमात एम्प्लॉयर्स रिक्वायरमेंट्सच्या खाली असला तरी त्यातले वचन हे वचनच.

आणि मानक पाळले म्हणून सुटका होते, या भ्रमात कोणी राहू नये. रॉबिन रिग इथल्या समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या पायांबाबत ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये एमटी होयगार्ड विरुद्ध ई.ऑन या खटल्यात कंत्राटदारालाच जबाबदार धरले. ज्या मानकानुसार त्याने आराखडा केला त्या मानकातच चूक होती, तरीही तांत्रिक कागदपत्रांच्या पोटात पाया २० वर्षे टिकेल असे एक वाक्य होते आणि ते पुरेसे ठरले.

ओळंबा
तो खटला टिकाऊपणाच्या हमीचा आहे, कार्बनचा नाही. 'सर्वोत्तम आंतरराष्ट्रीय पद्धती' या मोघम शब्दांतून ४८० ही हमी निघते, असे कोणताही लवाद सहजासहजी म्हणणार नाही.

दुसरी बाजू
मोघम शब्दांतून निघणार नाही, हे मान्य. प्रपोजलमधल्या आकड्यातून निघेल. मोघम शब्दांवर विसंबून काय होते तेही पाहा : अमेरिकेत मेरीलँडमधल्या शॉ डेव्हलपमेंट आणि सदर्न बिल्डर्स यांच्या वादात लीड या हरित इमारतींच्या प्रमाणपत्राचा उल्लेख होता, पण करसवलत मिळवण्याची जोखीम कोणाची हे स्पष्ट नव्हते. मालकाने बुडालेल्या ६,३५,००० डॉलरच्या सवलतीसाठी दावा केला, प्रकरण तडजोडीत मिटले आणि बाकीच्यांना मार्गदर्शक निकाल मिळालाच नाही. परांची, प्रपोजल पाहिलेत का?

परांची
पाहिले. निविदेच्या वेळी मी या कामावर नव्हतो. प्रपोजलच्या एका परिशिष्टात, रंगीत आलेखाखाली, 'संरचना व दर्शनी भाग, ए१ ते ए३ : ४८० किलो प्रति चौरस मीटर' असे आहे. गुण मिळवण्यासाठी कोणीतरी घातलेले दिसते. म्हणजे आमचे संपले का?

मापपुस्तक
उलट, आता कुठे हिशेब लागतो आहे. तुमचे वचन ए१ ते ए३ चे आणि दोनच घटकांचे होते. अभियंत्याने तोच आकडा उचलून संपूर्ण इमारतीला, ए ते सी ला आणि ६० वर्षांना चिकटवला. या दोहोंमधले अंतर तेवढे नवे आहे. वचन आणि पत्र शेजारी शेजारी रकान्यांत मांडून ते नोटिशीला जोडा.

ओळंबा
दुसरी बाजू यांचे म्हणणे मला मान्य करावे लागते, पण त्यातून परांची यांची एक अडचणही सुटते. स्लॅगचे दोन स्लॅब हे स्वतःचे ए१ ते ए३ चे वचन पाळण्यासाठी करायचेच काम होते, अशी भूमिका घेतली, तर ते अभियंत्याच्या सूचनेखालचे काम ठरत नाही आणि काम सुरू करण्यापूर्वी नोटीस दिली नाही हा आक्षेपही उभा राहत नाही. मात्र मग बसून राहिलेल्या टोळीचा खर्च मागता येणार नाही. दोन्ही मिळणार नाही. एक सोडावे लागेल.

नोटिशीत कलम १३.१ चाही आधार घ्या. व्हेरिएशनमुळे काम हेतूला योग्य ठेवण्याच्या जबाबदारीवर विपरीत परिणाम होत असेल, तर कंत्राटदाराला हरकत घेता येते. कार्बन कमी करण्यासाठी दर्शनी भाग बदलायला लागला, तर हा मुद्दा खरा आहे, नुसती पळवाट नाही.

हिरवीवीट
दर्शनी भाग बदलणारच असाल तर लाकडी चौकटींचा...

परांची
धन्यवाद, लाकूड नको. दोन स्लॅबचा खर्च सोडण्याची तयारी आहे. व्यवस्थापकांना आवडणार नाही, पण सहा दिवसांसाठी बाकीचे घालवण्यात अर्थ नाही. ३.५ ची नोटीस तुलनेच्या तक्त्यासह आज सायंकाळी पाठवली आणि २०.२.१ ची वेगळी नोटीस उद्या जाईल. क्षेत्रफळ कोणते धरायचे आणि वापरातली वीज धरायची का, हे दोन प्रश्न नोटिशीतच अभियंत्याला विचारले आहेत. पाचव्या मजल्याचा स्लॅब गुरुवारी आहे. तो कोणत्या मिश्रणाने ओतायचा?

मापपुस्तक
प्रपोजलमधल्या ए१ ते ए३ ला जेवढे स्लॅग लागते तेवढेच घाला, आणि बॅचिंग प्लांटच्या नोंदीवर हे मिश्रण प्रपोजलनुसार असल्याचे लिहून घ्या. शटरिंगसाठी तीन आणि सात दिवसांचे जादा क्यूब काढून ठेवा.