‘मोल्सवर्थ’ या आडनावाचे मूळ कोणते?

पोथीनिष्ठ (प्रश्न)

माझ्याकडे मोल्सवर्थच्या मराठी–इंग्रजी कोशाच्या १८५७ सालच्या दुसऱ्या आवृत्तीचे पुनर्मुद्रण आहे. शिवण उसवल्यामुळे ‘म’पासूनची पाने सुटी झाली आहेत. ती परवा जुळवून ठेवताना ‘मोल’ या शब्दाच्या नोंदीवर नजर थबकली आणि शाळेतल्या मराठीच्या सरांचा एक विनोद आठवला. ते म्हणत, “मोल म्हणजे किंमत आणि वर्थ म्हणजेही किंमत; असा दुहेरी किमतीचा माणूसच आपला कोश करू जाणे.” विनोद बाजूला ठेवला तरी हे आडनाव आले कुठून, हा प्रश्न उरतोच. ‘मोल’ म्हणजे जमीन पोखरणारा तो चिचुंद्रीसारखा प्राणी, आणि त्याला पकडण्याचा या घराण्याचा पिढीजात धंदा असावा, असे एका परिचितांनी ठामपणे सांगितले. मला ते पटले नाही, पण खोडूनही काढता आले नाही. जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

गावकूस

आपल्या परिचितांचा तर्क कालगणनेतच अडकतो. मोल्सवर्थ हे मुळात गावाचे नाव आहे आणि विल्यम राजाने १०८६ साली करवून घेतलेल्या ‘डूम्सडे’ या जमीनपाहणीत ते ‘मोल्सवर्दे’ असे नोंदलेले आहे. प्राणी या अर्थाचा ‘मोल’ हा शब्द इंग्रजीत दिसू लागतो तो चौदाव्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे गावाची नोंद झाल्यावर सुमारे तीनशे वर्षांनी. त्याआधी त्या प्राण्याला निराळाच शब्द होता.

नावाची फोड अशी : ‘मूल’ हे पुरुषाचे नाव, त्याला लागलेला षष्ठीचा ‘स’, आणि ‘वर्थ’ म्हणजे कुंपण घातलेली वस्ती किंवा वाडी. थोडक्यात, मूलची वाडी. टॅमवर्थ, वाँड्सवर्थ, लेचवर्थ या गावनावांतले ‘वर्थ’ ते हेच. किंमत या अर्थाचा ‘वर्थ’ हा जुन्या इंग्रजीत वेगळा शब्द होता. ‘मूल’चा शब्दशः अर्थ खेचर, त्यामुळे ते आरंभी टोपणनाव असणार. संस्कृत ‘मूल’शी त्याचे नाते जोडण्याचा मोह मात्र आवरावा. असे नाव खरोखर ठेवले जाई, याला इतिहासात पुरावा आहे. वेसेक्सचा राजा कॅडवाला याच्या भावाचे नाव मूल होते. तो केंटचा राजा झाला आणि ६८७ साली तिथल्या लोकांनी त्याला जाळून मारले. अर्थात वाडीचा मूल हा कोणी वेगळा, साधा जमीनधारक असावा.

आता गावाचे आडनाव कसे झाले, ते पाहू. १०६६च्या नॉर्मन विजयानंतर जमीनदारांमध्ये वंशपरंपरागत आडनावे रुळू लागली आणि चौदाव्या शतकापर्यंत ती सामान्य लोकांतही पसरली. आरंभी ‘वॉल्टर द मोल्सवर्थ’ असे लिहीत. हा ‘द’ म्हणजे अमुक गावचा. पुढे तो गळून पडला आणि नुसते गाव उरले. आपल्याकडे ‘कर’ टिकला, त्यांच्याकडे ‘द’ टिकला नाही, एवढाच फरक. गावात राहणाऱ्याला गावाच्या नावाने कोणी हाक मारत नाही. असे आडनाव चिकटते ते बहुधा गाव सोडून गेलेल्याला.

फेनवासी

मी केंब्रिजजवळ राहतो, म्हणून थोडी भर. हे गाव पूर्वी हंटिंग्डनशायरमध्ये होते. १९७४ साली तो परगणा केंब्रिजशायरमध्ये विलीन झाला. गाव इतके लहान आहे की बोलत बोलत चालले तर ते संपल्याचे कळतही नाही. सेंट पीटरच्या चर्चमध्ये मात्र अवश्य जावे. तिथे मध्ययुगीन भित्तिचित्रे आहेत. एकात संत ख्रिस्तोफर आहे. रंग विटके झाले असले तरी डोळे सरावल्यावर आकृती उमटू लागते. इंग्लंडमधल्या वडीलधाऱ्यांना मात्र ‘मोल्सवर्थ’ म्हटले की आठवतो तो गावालगतचा लष्करी विमानतळ आणि तिथे क्रूझ क्षेपणास्त्रे आणण्यावरून १९८०च्या दशकात झालेली निदर्शने.

पोथीनिष्ठ

मनःपूर्वक आभार. मग आपला कोशकार त्या वॉल्टरचाच वंशज मानायचा का?

दप्तरदार

एवढ्यावरून तसे म्हणता येणार नाही. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या काळात बेडफर्डशायर व बकिंगहॅमशायरचा शेरिफ असलेला वॉल्टर हा उमरावांच्या वंशावळींत मूळपुरुष म्हणून दाखवला जातो. पुढे कॉर्नवॉलमधील पेनकॅरो येथील शाखेला १६८९ साली बॅरोनेट ही वंशपरंपरागत पदवी मिळाली. डेन्मार्कच्या राजसत्तेवर टीका करणारे पुस्तक लिहून गाजलेला, डब्लिनमध्ये जन्मलेला रॉबर्ट मोल्सवर्थ १७१६ साली व्हायकाउंट, म्हणजे उमराव, झाला. पेनकॅरोच्या सर विल्यमने हॉब्ज या तत्त्वज्ञाचे समग्र लेखन संपादित केले. ही कर्तबगारी खरी आहे. पण छापील वंशावळींचे आरंभीचे दुवे मी नेहमी सावधपणे वाचतो, कारण त्या बहुधा घराण्यानेच पुरवलेल्या माहितीवर बेतलेल्या असतात.

दुसरी बाजूही सांगतो. २००९ साली लेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी ४० ब्रिटिश आडनावांच्या पुरुषांचे ‘वाय’ गुणसूत्र तपासले; ते आडनावासारखेच बापाकडून मुलाकडे जाते. स्मिथसारख्या सर्वदूर पसरलेल्या आडनावांत समान वंशाची खूण जवळजवळ दिसली नाही, विरळ आडनावांत मात्र ती ठळक आढळली. मोल्सवर्थ हे एका छोट्या गावावरून आलेले, तुलनेने विरळ आडनाव आहे. तेव्हा समान मूळपुरुषाची शक्यता बरी आहे, पण शक्यता म्हणजे दाखला नव्हे. तो हवा असेल तर कोशकाराच्या बापापासून एकेक पिढी मागे जात चर्चमधील जन्म-विवाहाच्या नोंदवह्या चाळाव्या लागतील. त्या ठेवण्याचा हुकूमच १५३८चा, त्यामुळे त्यामागची वाट जमिनीच्या कागदांतून काढावी लागेल.

गावकूस

दप्तरदारांशी सहमत. जाता जाता एक राहिले. कोशाच्या कामावरचे शास्त्री-पंडित या साहेबाला ‘मोलेसरशास्त्री’ म्हणत, असे वाचले आहे. त्यांच्या जिभेवर मूल आणि त्याची षष्ठी कशीबशी तगली; वाडीचा मात्र नुसता ‘र’ राहिला.