एकही उमेदवार पटत नसेल तेव्हा मत कसं ठरवता?

मतदान जवळ आलं की घरोघरी हाच घोळ. एकाचा पक्ष पटतो पण माणूस नको वाटतो, दुसऱ्याचं नेमकं उलट. ‘सगळे सारखेच’ म्हणून घरी बसणं मला पटत नाही. मत कुणाला दिलंत ते नको, कसं ठरवलंत ते लिहा.

*

मी उमेदवारांची शपथपत्रं वाचते. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतात. लोक मालमत्तेचे आकडे बघतात, मी आधी खटल्यांचा तक्ता उघडते. आंदोलनातला जमावबंदीचा गुन्हा आणि फसवणुकीचा गुन्हा एका मापाने मोजू नये. कलम कोणतं, आरोप निश्चित झालेत का, सगळं तिथे लिहिलेलं असतं. सासूबाईंना दोन शपथपत्रं शेजारी ठेवून वाचून दाखवली. एकात ‘निरंक’, दुसऱ्यात खटल्यांची भलीमोठी यादी. त्यांचं तिथेच ठरलं.

*

मी नोटा, म्हणजे ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण दाबतो आणि ते मत वाया गेलं असं मानत नाही. २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाआधी नकार द्यायचा तर केंद्राध्यक्षांना तसं सांगावं लागे, नोंदवहीत शेरा, त्याखाली सही. समोर पक्षांचे एजंट बसलेले, मागे रांग. गुप्तता कसली! आता निदान नकारही गुप्त राहतो.

*

नोटावाल्यांचा राग समजतो, पण विधानसभा-लोकसभेला त्याने निकाल बदलत नाही. २०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता, सत्तावीस हजारांवर मतं. तरी आमदार ठरला तो उमेदवारांत सर्वाधिक मतं मिळवणाराच. म्हणून मी आधी कोण अजिबात नको ते ठरवतो, मग त्याला पाडू शकेल अशांपैकी बरा निवडतो. मनाला लागतं, पण पाच वर्षं भोगायचं आपल्यालाच.

*

पालिकेला मात्र गणित वेगळं. नोटाला सर्वाधिक मतं पडली तर फेरनिवडणूक, असा आदेश राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये काढला. तरी मी तिथे पक्ष सोडून माणूस बघते. प्रचाराला दारात येईल त्याला एकच विचारते: आपल्या प्रभागात कचऱ्याची गाडी किती वाजता येते? उत्तर देणारा एखादा तरी निघतोच.