बुद्ध्यांकाच्या अहवालावरून घरातली भाषा ठरवायची का?

रानजाई (धागाकर्ती)
ओळखीतल्या एका घरातला मुलगा पहिलीत आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची, घरात अस्सल मराठी. शाळेने बुद्ध्यांक काढून आणायला सांगितला, चाचणी झाली इंग्रजीत आणि आकडा आला ऐंशीच्या आसपास (सरासरी शंभर धरतात). आता सल्ला मिळालाय : घरी मराठी बंद करा!

हा सल्ला शंभर वर्षं जुना आहे आणि तेव्हाही कच्चाच होता. १९२३ साली वेल्समध्ये डी. जे. सेअर यांनी द्विभाषिक मुलं बुद्धिमापनात मागे पडतात असं मांडलं. गंमत म्हणजे फरक दिसला तो खेड्यातल्या मुलांत, शहरातल्या नाही. मग दोष भाषेचा कसा? १९६२ मध्ये माँट्रियलला पील आणि लँबर्ट यांनी घरची आर्थिक स्थिती लक्षात घेऊन दहा वर्षांच्या मुलांची तुलना केली, तर द्विभाषिक मुलंच पुढे. आपल्या पालकसभांत मात्र अजून सेअरसाहेबच बोलतायत.

काटकोन
असहमत. पील-लँबर्टने द्विभाषिक म्हणून निवडली ती दोन्ही भाषांत तरबेज असलेलीच मुलं. ज्यांची दुसरी भाषा कच्ची, ती गाळली गेली. अशी चाळण लावल्यावर पुढे निघणारच की. आणि या मुलाला पुढची दहा वर्षं इंग्रजीतच शिकायचंय. इंग्रजी चाचणीत तो अडखळत असेल तर ते आज कळलेलं बरं.

रानजाई
आक्षेप रास्त आहे, त्या अभ्यासावर तो घेतला जातोच. पण इंग्रजी किती येतं हे बघायचं तर इंग्रजीची चाचणी घ्या ना, त्यावर बुद्धीचा शिक्का कशाला? कॅलिफोर्नियात घरी स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांना इंग्रजी चाचणीवरून मतिमंदांच्या वर्गात बसवलं होतं. स्पॅनिशमधून पुन्हा तपासल्यावर बहुतेकांचे गुण वाढले. प्रकरण कोर्टात गेलं आणि १९७० मध्ये समझोता झाला की चाचणी मुलाच्या मुख्य भाषेतही घ्यायची.

तर्कटराव
एवढा वाद कशाला? शब्दच नसलेली चाचणी द्या. रेव्हनच्या आकृत्या (नमुना ओळखून गाळलेला तुकडा निवडायचा) १९३८ पासून आहेत. भाषेची कटकटच नाही.

बालमन
मी मुलांच्या अशा चाचण्या घेण्याचंच काम करते म्हणून जरा सविस्तर.

तर्कटराव, शब्द काढले म्हणजे संस्कार निघून जात नाहीत. नेदरलँड्समध्ये सैन्यभरतीच्या तरुणांचे रेव्हनच्या धर्तीच्या चाचणीवरचे गुण १९५२ ते १९८२ या तीस वर्षांत सुमारे वीस अंकांनी वाढले. तीस वर्षांत माणसाचा मेंदू एवढा बदलत नाही. शाळा, घर, विचार करायची सवय बदलते.

उलट जो भाग भाषेपासून सुरक्षित वाटतो तिथेही भाषा शिरते. अंकस्मृतीचंच घ्या : मी आकडे म्हणते, मूल त्याच क्रमाने परत म्हणतं. वेल्श आकडे उच्चारायला इंग्रजीपेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून तीच द्विभाषिक माणसं वेल्शमध्ये कमी आकडे लक्षात ठेवतात. हे १९८० मध्ये एलिस आणि हेनेली यांनी दाखवलं. आकडे मनात घोळवायला वाव ठेवला नाही, तर फरक नाहीसा होतो.

पण धागाकर्तीचा राग चाचणीवर निघतोय, तेही पटत नाही. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडला बिने या बुद्धिमापन चाचणीचं मराठी आणि कन्नड रूप केलं ते १९३०च्या दशकात. मालिन यांनी नागपुरात वेक्स्लरची बुद्धिमापन चाचणी भारतीय मुलांसाठी बेतली, १९६९ मध्ये. म्हणजे साधनं होती आणि आहेत. अडचण अशी की मानकं, म्हणजे मुलाचे गुण ज्यांच्याशी ताडतात ते सरासरीचे आकडे, जुनी झाली. जुन्या मानकांवर आजच्या मुलाचा आकडा फुगून येतो, आणि ज्याला खरंच मदत हवी तो ‘नॉर्मल’ म्हणून घरी जातो. याबद्दल कुणी धागा काढत नाही!

गुरुजी_मेळघाट
इंग्रजीबद्दल एवढा गळा काढताय, जरा इकडे या. माझ्या पहिलीच्या वर्गात घरी कोरकू बोलणारी पोरं आहेत. मराठीत विचारलं की गप्प. अंगणात त्यांचं एकमेकांशी बोलणं ऐका, तोंडाला खळ नसतो. बाहेरून तपासायला येणारे साहेब वहीत लिहितात, ‘आकलन कमी’. त्या वहीत मराठी ही इंग्रजीच्या जागेवर बसलेली आहे, मंडळी.

काटकोन
गुरुजी, मुद्दा झोंबला. तरी त्या पोरांना दहावी मराठीतच द्यायची ना? आणि मूळ प्रश्न तसाच आहे. त्या आईबापांनी उद्या काय करायचं?

बालमन
आधी कानांची तपासणी. ही पायरी हमखास गाळली जाते. मग मराठीतून चाचणी, आणि शब्दसंग्रह दोन्ही भाषांचा मिळून मोजायचा. मायामीतल्या स्पॅनिश-इंग्रजी तान्ह्या-रांगत्या मुलांचे असे एकत्रित शब्द मोजले तर ती एकभाषिक मुलांच्या मागे नव्हती (पिअरसन आणि सहकारी, १९९३).

काटकोन
आणि मराठीतही ऐंशीच आले तर?

बालमन
तर मदत लगेच सुरू. घरची भाषा तोडायचं कारण तेव्हाही दिसत नाही. कॅनडात डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांचा अभ्यास झाला, त्यांचंही दोन भाषांमुळे नुकसान दिसलं नाही.

काटकोन
कॅनडातल्या पालकाला वाचाउपचार करणारं माणूस मिळतं हो. आमच्या तालुक्यात मराठीतून करणारं सुद्धा कुणी नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी जे आहेत ते म्हणतात, घरी एकच भाषा ठेवा. त्यांचं ऐकायचं की तुमचं?