दोन्ही बाजूंना एकच छाप असलेले नाणे

दोन्ही बाजूंना एकच छाप असलेले नाणे हाती आले, तर ते टाकसाळीतील चूक मानावे का, हा प्रश्न रास्त आहे. मात्र अशी अस्सल नाणी अत्यंत विरळा असल्यामुळे सुरुवात संशयानेच करणे शहाणपणाचे ठरते. बहुतेक वेळा एका नाण्याचा आतील भाग लेथवर कोरून काढून त्यात दुसऱ्या नाण्याचा घासून पातळ केलेला भाग बसवलेला असतो, आणि तसे असल्यास भिंगाखाली कडेच्या आतल्या अंगाला बारीक गोल सांधा दिसतो, शिवाय वजनही सहसा जुळत नाही.

कडेचा तुकडा नसलेल्या नाण्यांची परीक्षा मला अधिक रंजक वाटते. अस्सल चुकीत तो तुकडा छाप पडण्यापूर्वीच कोऱ्या चकतीतून गेलेला असतो. त्यामुळे ठसे दाबले जाताना धातू त्या रिकाम्या जागेकडे सरकतो, लगतची अक्षरे ओढल्यासारखी होतात आणि बरोबर समोरची कड बहुधा पुसट राहते. नंतर कापलेल्या नाण्यात अक्षरे मध्येच तुटतात व समोरची कड ठसठशीत असते.

उलटी, खोलगट अक्षरे दिसली म्हणजे चूकच, असेही नाही. दोन नाणी एकमेकांवर ठेवून व्हाइसमध्ये आवळली, तरी तशी अक्षरे उमटतात. फक्त मूळ छापेचे उंचवटे तिथे चेपलेले आढळतात.

रंगावर तर मुळीच विसंबू नये. चुकून तांब्यात छापल्या गेलेल्या दुर्मिळ नाण्यांसारखी दिसावीत म्हणून अमेरिकेतील 1943 च्या पोलादी सेंटवर तांब्याचा मुलामा दिलेली असंख्य नाणी फिरत असतात, आणि ती चुंबकाला चिकटतात.