पायाचे ब्लॉक (नर्व्हभोवती औषध सोडून फक्त पाय सुन्न करायचे) सोनोशिवाय करून राहिले का कोणी?

धंतोलीचा_भूलवाला:
भूलशास्त्रात पीजी संपवून आताच फ्रीलान्स सुरू केलं. कॉल जास्त करून नागपुरातल्या धंतोली-रामदासपेठेतल्या छोट्या नर्सिंग होमचे, त्यात डायबेटिक फूट (मधुमेहाने चिघळलेले पाय) भरपूर. रक्त पातळ करणारं क्लोपिडोग्रेल चालू, हार्टचं पंपिंग 30 टक्के, म्हणजे स्पायनलही (पाठीतली भूल) नको न जीएही (पूर्ण भूल) नको. पीजीत सगळे ब्लॉक सोनोवर शिकलो, इथे ओटीत मशीनच नाही. स्वतःचं पोर्टेबल घेऊन फिरावं तर पीसीपीएनडीटीत (गर्भलिंग निदान बंदीच्या कायद्यात) मशीन त्या-त्या जागेच्या नावावर रजिस्टर, गाडीत टाकून या हॉस्पिटलातून त्या हॉस्पिटलात नेता येत नाही. सिनियर म्हणतात, काहून मशीन पाहिजे बाप्पा, आम्ही तर बोटानेच करत आलो. लँडमार्कवर (हाड, ठोका चाचपून) कोणता ब्लॉक भरवशाचा न कोणता नाही, सांगा.

जुना_गॅसवाला:
सगळ्या ब्लॉकला एकच उत्तर नाही भाऊ. अँकल ब्लॉक बिनधास्त हाताने कर. पोस्टेरियर टिबियल नर्व्ह मेडियल मॅलिओलसच्या (घोट्याच्या आतल्या हाडाच्या) मागे, धमनीचा ठोका लागला की तिच्या जरा मागेच, डीप पेरोनियल डॉर्सालिस पेडिस धमनीच्या बाजूला, बाकीच्या तिघी नर्व्ह कातडीखाली रिंग टाकून. बोट कापायचं असलं तर एवढं पुरतं. फक्त घोट्यापर्यंत सेल्युलायटिस (कातडीखालचं इन्फेक्शन) चढला असेल तर तिथे सुई घालू नको, वरचा ब्लॉक घे.
फेमोरलही (जांघेतला) जमतो, ठोक्याच्या बाहेर एक-दीड सेंटिमीटर. स्टिम्युलेटर (सुईतून करंट देऊन नर्व्ह शोधायचं यंत्र) लावला तर गुडघ्याची वाटी उडाली पाहिजे, नुसता सार्टोरियस स्नायू हलला तर ती नर्व्ह नाही, सुई आणखी खोल न थोडी बाहेर घे.

मेडिकल_चौक_एमडी:
सरांचं अँकलचं पटलं, पण पॉप्लिटियलला (गुडघ्यामागच्या ब्लॉकला) मी सोनोच मागते. सायॅटिक नर्व्ह फाटते कुठे हे माणसागणिक बदलतं, गुडघ्यामागच्या क्रीजच्या वर 5 ते 10 सेंटिमीटर कुठेही. 7 सेंटिमीटरवर सुई घातली न नर्व्ह त्याच्या वरच फाटलेली असली तर एकच फांदी सुन्न होते, आणि पेशंट ओरडतो तेव्हाच कळतं. सोनोवर टिबियल नर्व्ह पॉप्लिटियल धमनीच्या वर मधाच्या पोळ्यासारखी दिसते, ती धरून वर सरकत जायचं, कॉमन पेरोनियल येऊन चिकटते तिथे शीथमध्ये (दोघींच्या आवरणात) औषध सोडायचं.
आणि डायबेटिकमध्ये स्टिम्युलेटरवर फार विसंबू नका. न्यूरोपॅथीत (नर्व्ह खराब झाल्यावर) नर्व्ह दाद देत नाही, तुम्ही 0.5 मिलिॲम्पिअरवर ट्विच (स्नायूचं उडणं) शोधत बसता आणि सुई केव्हाचीच आत गेलेली असते. म्हणजे ज्या पेशंटला ब्लॉक सगळ्यात जास्त पाहिजे, त्यालाच हाताची पद्धत कमी कामाची.
सोनोने नर्व्ह इंज्युरी कमी होते हे ठाम सिद्ध नाही, हेही खरं. पण रक्तवाहिनीत सुई कमी जाते आणि औषध कमी लागतं. लँडमार्कवाले 30 मिली ओततात, 0.5 टक्के बुपिवॅकेन म्हणजे 150 मिलिग्रॅम झालं, 60 किलोच्या माणसाला किलोमागे 2 मिलिग्रॅमच्या हिशोबाने 120 च बसतं, त्यात सॅफेनसचं (पायाच्या आतल्या बाजूच्या नर्व्हचं) वेगळंच. हाताने करणार असाल तर 0.25 टक्क्यावर या, आणि 20 टक्के इंट्रालिपिड (औषध रक्तात जास्त गेलं तर त्यावरचा उतारा) ओटीत आहे का ते सुरू करायच्या आधी विचारा.

हाडवैद्य:
आमचीही एक विनंती, पॉप्लिटियल देऊन मांडीला टूर्निकेट (रक्त थांबवायचा पट्टा) बांधू देत नका जाऊ. पाय सुन्न असतो न पेशंट मांडीच्या कळेने उठून बसतो, मग शिव्या आम्हाला. पोटरीला बांधा, सॅफेनस घेतलेला असला की चालतं.

धंतोलीचा_भूलवाला:
मॅडम, इंट्रालिपिडचं आजच विचारतो, दोन ठिकाणी तर नसेलच बहुतेक. आणि पॉप्लिटियल स्टिम्युलेटरवर करायची वेळ आलीच तर सुई 50 मिलिमीटरची की 100 ची?

जुना_गॅसवाला:
मागून करशील तर 50 पुरते. बाजूने किंवा वर लॅबॅटला (कुल्ल्यातून सायॅटिकला) जायचं असेल तर 100 ठेव. नर्सिंग होमच्या भरवशावर राहू नको, दोन्ही आपल्या बॅगेत ठेव.

मेडिकल_चौक_एमडी:
आणि ज्या नर्सिंग होममध्ये गायनिकचं रजिस्टर्ड मशीन पडलेलं असतं तिथे आधी लिनियर प्रोब (वरवरचं नीट दाखवणारा) आहे का ते बघा. बऱ्याच ठिकाणी पोटाचाच असतो, त्याने मांडीतली खोल सायॅटिक दिसते, घोट्याजवळचं काही दिसत नाही. तुमचं नाव त्या मशीनच्या रजिस्ट्रेशनवर चढवायला लावा, नाहीतर प्रोबला हात लावू नका.